ब्यूरेटने मोजलेले बुडबुडे

रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलाने 'मी पुढे संशोधन करणार' असे घरी सांगितले, की आपल्या मालवण-वेंगुर्ल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला : "अरे, म्हणजे करतलंस तरी काय?" प्रश्न रास्त आहे. मिळवत्या वयाचा मुलगा आणखी चार-पाच वर्षे शिकत राहिला, तर घराला त्याची झळ लागतेच. संशोधन म्हणजे प्रत्यक्षात काय करतात, हे मुंबईच्या एका विभागाच्या इतिहासातून चांगले कळते. तोच आज थोडक्यात सांगतो.

मुंबई विद्यापीठाने 1 ऑक्टोबर 1933 रोजी रासायनिक तंत्रविद्येचा विभाग सुरू केला. पुढे 'यूडीसीटी' या नावाने तो देशभर ओळखला गेला. मुंबई तेव्हा गिरण्यांचे शहर. कापड आपले, पण त्यावरचे कृत्रिम रंग बहुतेक परदेशचे. म्हणून वस्त्ररसायन आणि रसायन-अभियांत्रिकी या विषयांनी आरंभ झाला. पहिले प्रमुख डॉ. फॉर्स्टर हे इंग्रज होते. 1938 साली त्यांच्या जागी डॉ. के. वेंकटरामन आले आणि रंगरसायनाच्या संशोधनाने त्यांनी विभागाचे नाव परदेशी पोचवले. 1943 मध्ये विभाग माटुंग्याला आला.

रसायन-अभियांत्रिकीत संशोधनाची मोठी परंपरा उभी राहिली ती 1964 नंतर. याच विभागात शिकलेले मनमोहन शर्मा केंब्रिजला प्राध्यापक डँकवर्ट्स यांच्या हाताखाली पीएच.डी. झाले आणि परत आले. वय अवघे सत्तावीस, आणि थेट प्राध्यापकपद! परकीय चलनाच्या टंचाईचा तो काळ. परदेशी यंत्रे मागवणे सोपे नव्हते. मग जागतिक दर्जाचे काम व्हायचे कसे?

एक उदाहरण घेऊ. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली, की निवळी दुधाळ होते. श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरून चुन्याशी संयोग पावतो. परीक्षानळीत हे सोपे झाले. कारखान्यात मात्र मोठ्या टाकीतल्या द्रावणात वायूचे असंख्य बुडबुडे सोडतात, आणि वायू द्रावणात शिरतो तो या बुडबुड्यांच्या पृष्ठभागातून. हा पृष्ठभाग सगळा मिळून किती? ते कळल्याशिवाय टाकी केवढी बांधावी हे ठरत नाही. लहान पडली तर माल निघत नाही, मोठी झाली तर पैसा पाण्यात. बरे, बुडबुडे मोजणार कोण?

युक्ती अशी. वायूला झटकन गिळणारे द्रावण घ्यायचे, समजा कॉस्टिक सोड्याचे. क्रिया पुरेशी वेगवान असली, तर एका चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला किती वायू शिरतो हे ढवळण्यावर अवलंबून राहत नाही. तो आकडा माहीत क्षेत्रफळाच्या छोट्या काचेच्या उपकरणात आधी काढून ठेवायचा. मग टाकीत दर सेकंदाला एकूण किती वायू मुरला हे टायट्रेशनने ठरवायचे आणि त्याला पहिल्या आकड्याने भागायचे. झाले, क्षेत्रफळ हाती आले! अशा रासायनिक पद्धतींवर शर्मा आणि डँकवर्ट्स यांचा संयुक्त लेख 1970 साली प्रसिद्ध झाला. साधन कोणते? आपल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत असते तेच, ब्यूरेट.

शर्मांच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी एक आपल्या शेजारचा. गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर. वडील लहानपणीच गेले. आईने मुंबईत कष्ट करून वाढवले. टाटांची दरमहा साठ रुपयांची शिष्यवृत्ती आधाराला होती. 1966 ला पदवी आणि 1969 ला पीएच.डी., दोन्ही याच विभागातून. बुडबुड्यांच्या स्तंभांवर गुरुशिष्यांनी मिळून लिहिलेही. पुढे माशेलकर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक, आणि 1995 पासून सी.एस.आय.आर.चे महासंचालक झाले. शर्मा 1990 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो निवडले गेले, माशेलकर 1998 मध्ये. विभागाला 2008 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आज तो इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी म्हणून ओळखला जातो.

हे सगळे घडले ते शिकून परत आलेल्या एका शिक्षकामुळे आणि कारखान्याला खरोखर अडणाऱ्या प्रश्नांमुळे. यंत्रे पुढे आली. म्हणून संशोधनाकडे निघालेल्या मुलाने संस्थेची इमारत पाहण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात : तिथे शिकवते कोण, आणि तिथला प्रश्न कोणाच्या कामाचा आहे? खर्चाचे म्हणाल, तर नेट, गेट यांसारख्या परीक्षांतून आज शिष्यवृत्ती मिळू शकते.

आणि प्रश्नांना आपल्या किनाऱ्यावर तोटा नाही. कोकमाच्या आगळाचा लाल रंग दिवसागणिक किती उतरतो? काजूच्या टरफलातले तेल कमीत कमी जळण लावून कसे काढावे? यांत अजून पुष्कळ मोजण्यासारखे आहे. त्यासाठी इथली मुले शिकायला बाहेर पडली पाहिजेत. आणि त्यांतली एक-दोन तरी इथले प्रश्न बरोबर घेऊन गेली पाहिजेत.