मूल नको म्हणण्याचा अधिकार

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनासंबंधी एक बिनसरकारी ठराव मांडला गेला. ठराव स्वतंत्र मजूर पक्षाचा होता. बाबासाहेब त्या दिवशी सभागृहात नव्हते, म्हणून त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी भाषण केले. संततिनियमनाचा प्रचार सरकारने करावा आणि त्याची साधने लोकांना उपलब्ध करून द्यावीत, ही मागणी होती. दारिद्र्य, बाळंतपणातील मृत्यू, स्त्रियांचे खचलेले आरोग्य ही कारणे भाषणात विस्ताराने येतात. त्या काळचे इतर सुधारकही ती देत असत. परंतु त्यांच्या पलीकडे जाणारे एक विधान त्यात आहे. स्त्रीला कोणत्याही कारणास्तव मूल नको असेल, तर गर्भधारणा टाळणे तिच्या हाती असले पाहिजे, आणि संतती होऊ देणे हे सर्वस्वी तिच्या निवडीवर अवलंबून असले पाहिजे, असा त्याचा आशय आहे. कोणत्याही कारणास्तव! म्हणजे ते कारण सासूला, शेजाऱ्यांना किंवा समाजाला पटवून देण्याची अट बाबासाहेबांच्या पक्षाने घातलेली नव्हती. सभागृहाने ठराव फेटाळला.

हे भाषण आज आठवण्याचे कारण आपल्याच विहारांत आहे. येथे ब्रिटनमध्ये स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांत मूल न होऊ देण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतलेली काही दांपत्ये आता दिसू लागली आहेत. वंदना आटोपून भोजनाची पाने वाढली जाऊ लागली की प्रश्न येतो, ‘गोड बातमी कधी?’ तो बहुधा सुनेलाच विचारला जातो. उत्तर मिळाले की प्रथम डॉक्टरांची नावे सुचवली जातात, आणि अडचण वैद्यकीय नाही हे कळल्यावर आवाज बदलतो. जयंतीच्या व्यासपीठावरून मनुस्मृतिदहनाचा गौरव करणारी माणसेही त्यात असतात, हे आम्ही पाहिले आहे.

वास्तविक या प्रश्नाचे मूळ त्याच ग्रंथपरंपरेत आहे. पितरांचे ऋण पुत्र जन्माला घालून फेडायचे, आणि पुत्राने पिंड देऊन पित्याला नरकातून सोडवायचे, ही ती व्यवस्था. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वंध्या पत्नी असता आठव्या वर्षी दुसरी करण्याची मुभा नवऱ्याला दिलेली आहे. आपली भाषाही त्याच मुशीतून निघाली. ‘वांझ’ ही शिवी बाईलाच बसते. आणि ‘निपुत्रिक’ या शब्दाचा अर्थ नीट पाहिला, तर घरात चार मुली असल्या तरी तो लागू पडतो! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सहावी श्राद्ध आणि पिंडदान नाकारणारी आहे. पिंडच द्यायचा नसेल, तर तो देणाऱ्या पुत्राची धार्मिक गरजही त्याच दिवशी संपली. पुत्राचा हट्ट मात्र आपण सामानाबरोबर विमानातून येथे आणला.

महाराष्ट्रात हा निर्णय उघडपणे जगून दाखवणारे दांपत्य म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे आणि मालतीबाई. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव विल्सन कॉलेजात गणित शिकवत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले तेही त्याच वर्षी. संततिनियमनाचा प्रचार सोडायचा की नोकरी, असा पेच आला तेव्हा कर्व्यांनी नोकरी सोडली. मूल होऊ द्यायचे नाही हे पतिपत्नींनी मिळून ठरवले होते आणि त्यासाठी शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली. पुरुष नसबंदीचे नाव काढताच आजही घरात शांतता पसरते, हे लक्षात घेतले म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कृतीचे मोल कळते. मालतीबाईंनी त्यांना केंद्राच्या कामात साथ दिली. जुलै १९२७ मध्ये कर्व्यांनी काढलेले ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांच्या मृत्यूपर्यंत, १९५३ पर्यंत, चालले. मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर होते बाबासाहेब. खटला हरला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

आपल्यातील वडीलधाऱ्यांचा एक आक्षेप मात्र वेगळा आहे आणि तो आम्ही हलका मानत नाही. ज्यांच्या आजीची निम्मी मुले पाच वर्षांचीही झाली नाहीत, त्यांना नातवंड हा जगण्याचा पुरावा वाटतो. शिकलेली पुढची पिढी हीच त्यांची मिळकत. शिवाय आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्या सक्तीचा मार गरिबांवर अधिक बसला. ‘मूल नको’ हे शब्द सरकारने आपल्या माणसांच्या तोंडी बळाने घातले, ही आठवण अजून ताजी आहे. पण १९३८ च्या भाषणातील निवड ही त्या सक्तीच्या नेमकी उलट आहे. शिबिरात ओढून नेणारा अधिकारी आणि ‘अजून काही नाही का?’ म्हणून पिच्छा पुरवणारी आत्या, दोघेही निर्णय बाईच्या हातून काढूनच घेतात.

उरतो तो म्हातारपणाचा प्रश्न : शेवटी कोण पाहील, खांदा कोण देईल? जोतिराव आणि सावित्रीबाई यांना मूल नव्हते. तो त्यांचा निर्णय होता असे म्हणता येणार नाही. पण दुसरे लग्न करण्याचा आग्रह जोतिरावांनी धुडकावला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. एका ब्राह्मण विधवेचे मूल, यशवंत, त्यांनी दत्तक घेतले आणि त्याला डॉक्टर केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले. दत्तक मुलाने टिटवे धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा ते सावित्रीबाईंनी स्वतःच्या हाती घेतले आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालू लागल्या.