हाताला न लागणारे मांजर

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत भात झोडून कणगीत पडले की उंदरांचा उपद्रव वाढतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे मांजराच्या पिल्लाची विचारणा सुरू होते. म्हशाच्या यात्रेत बैलांपासून घोंगड्यांपर्यंत सारे विकत मिळते. मांजर मात्र सहसा शेजारच्या पाड्यावरून पिशवीत घालून आणले जाते. घरी येताच ते कणगीमागे दडते, रात्री ताटली चाटूनपुसून साफ करते आणि दिवसा कोणी हात पुढे केला की फिसकारते. मुले हिरमुसतात, मोठी माणसे ‘हे मांजर माणूसघाणे आहे’ असा निकाल देतात आणि कधीकधी ते पुन्हा पिशवीत घालून दूर सोडून दिले जाते. हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो.

मांजर माणसाला किती भिणार, हे ते नव्या घरी येण्याआधीच बऱ्याच अंशी ठरलेले असते. अमेरिकेतील टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की, जन्मानंतरच्या साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिल्लांना माणसांनी रोज हाताळले, ती पुढे माणसांजवळ अधिक रमली. गावाकडे मांजरी बहुधा गोठ्याच्या माळ्यावर पेंढ्यात विते आणि पिल्ले तोंडात धरून जागा बदलत राहते. पिल्ले खाली उतरून माणसाच्या दृष्टीस पडेपर्यंत हा काळ पुष्कळदा उलटून गेलेला असतो. त्यात आनुवंशिकतेचाही भाग आहे. सँड्रा मॅक्यून यांच्या १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, माणसाळलेल्या बोक्याची पिल्ले अधिक धीट निघतात. तीही बापाचा सहवास मुळीच न लाभता.

अशा मांजराला प्रथम संपूर्ण घर नव्हे, तर एक कोपरा द्यावा. आडवे ठेवलेले खोके, आत बारदान, जवळ पाणी आणि थोड्या अंतरावर वाळू किंवा राख भरलेले घमेले एवढे पुरे. लपलेल्या मांजराला ओढून बाहेर काढणे ही सर्वांत मोठी चूक होय. त्याने आठवडाभराची कमाई क्षणात जाते. घरातील एकाच व्यक्तीने रोज ठरलेल्या वेळी खाणे ठेवावे आणि तेथेच, मांजराकडे तोंड न करता, जमिनीवर थोडा वेळ बसून राहावे. दूध-भाताचा प्रघात जुना असला तरी मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही आणि नुसत्या भातावर या मांसाहारी प्राण्याचे पोषण होत नाही. बिनमिठाचा उकडलेला मासा वा अंडे चांगले. सुकट द्यायची तर धुऊन, भिजवून, थोडीच द्यावी.

मांजराकडे टक लावून पाहणे त्याला धमकीसारखे वाटते. त्याऐवजी डोळे हळूहळू किलकिले करून मिटावेत. ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात, अनोळखी माणसाने असे केल्यावर मांजरे त्याच्याजवळ येण्याची शक्यता वाढल्याचे आढळले. (डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराला नावे ठेवणाऱ्या माणसाने स्वतः डोळे मिटायचे, हे जरा गमतीचेच!) झुरिचमधील डेनिस टर्नर यांच्या निरीक्षणांनुसार, जवळीक मांजराने सुरू केली तर ती अधिक वेळ टिकते. म्हणून पहिला स्पर्श त्याच्याकडून होऊ द्यावा. नंतर गालाला व हनुवटीखाली बोटाने खाजवावे, पोटाला हात लावू नये. शेपटी उभी धरून सामोरे येणे, पायाला अंग घासणे, माणूस बसलेल्या खोलीतच येऊन झोपणे या सर्व स्नेहाच्याच खुणा आहेत. काही मांजरे मांडीवर कधीच येत नाहीत. याला दोन-चार आठवडे लागतात, कधी कित्येक महिनेही.

मुंबई-कल्याणच्या कुटुंबांनी या भागात बांधलेल्या शेतघरांतील अडचण निराळी आहे. मालक शनिवार-रविवारी येतात, खाऊ घालतात राखणदार. मांजर राखणदाराच्या मागे फिरते आणि मालकाला पाहून पळते, यात कृतघ्नता कसली? वापरलेली जुनी चादर मांजराच्या जागी ठेवून जावी, म्हणजे निदान वास ओळखीचा राहतो.

बळजबरीने उचलण्यात धोकाही आहे. मांजराचा चावा लहान दिसला तरी खोल जातो आणि मांजरापासून रेबीज होऊ शकतो. चावल्यास वा ओरखडल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावी. तिखट, हळद वा चुना लावू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मांजर तीन महिन्यांचे झाल्यावर त्यालाही पशुवैद्यकाकडून रेबीजची लस टोचून घ्यावी. एरवी जवळ येणारे मांजर अचानक लपू लागले, तर ते आजारी असण्याची शक्यता अधिक.

भातकापणीच्या वेळी बांधावर वा गवतात सापडलेले पिल्लू घरी आणण्यापूर्वी मात्र नीट पाहावे. लांब पाय, काळी वलये असलेली आखूड शेपटी आणि कानांच्या टोकांवर काळे केस असतील, तर ते रानमांजराचे असू शकते. ते कितीही लळा लावला तरी घरचे होणार नाही. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये रानमांजर संरक्षित असल्याने ते पाळता येत नाही. आई बहुधा आसपासच असते. पिल्लू जागेवरच ठेवून दूर व्हावे आणि वनविभागाला कळवावे.