ओटागोतील चिनी खाणकऱ्यांच्या वस्त्या

ओटागोतील चिनी खाणकऱ्यांच्या वस्त्या : न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील १९ व्या शतकातील वसतिस्थाने. ओटागोत १८६१ मध्ये गेब्रिएल रीडला सोने सापडले. पुढे गोरे खाणकरी वेस्ट कोस्टकडे वळले, तेव्हा डनीडनच्या व्यापाऱ्यांनी १८६५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरियातील चिनी खाणकऱ्यांना बोलावणे धाडले. १८८१ मध्ये देशातील चिनी लोकसंख्या सुमारे ५,००० होती. त्याच वर्षी त्यांच्या प्रवेशावर दरडोई १० पौंड कर बसला, १८९६ मध्ये तो १०० पौंड झाला.

पुरावे : क्लाइड धरणाने बुडणाऱ्या क्लुथा खोऱ्याची पाहणी १९७७ पासून झाली. त्या काळात पुरातत्त्वज्ञ नेव्हिल रिची यांनी खडकांच्या आडोशाला बांधलेली घरे, क्रॉमवेलची चिनी वस्ती आणि ॲरोटाउनची वस्ती (१९८३) उकरली. हिरवट झिलईचे वाडगे, सोया सॉसचे तपकिरी बुधले आणि अफूचे पितळी डबे यांच्याच शेजारी युरोपीय मद्याच्या बाटल्या निघाल्या. हाडांत डुकराबरोबर मेंढ्या आणि गुरेही आहेत. चिनी माणूस स्थानिक समाजापासून फटकून राहिला, हा तत्कालीन आरोप या केरकचऱ्यापुढे टिकत नाही : त्याची चूल कँटनच्या मालावर जितकी चाले, तितकीच ओटागोच्या बाजारावरही.

आक्षेप : रिकाम्या बाटल्या पुन्हा भरल्या जात, म्हणून बाटली हा मद्यपानाचा पुरावा नव्हे, ही हरकत रास्त आहे. हाडांना मात्र ती लागू नाही. सुरीने तोडलेले मेंढीचे हाड जेवणाचीच साक्ष देते. अफूच्या डब्यांवरून व्यसनाचे प्रमाण ठरवणेही घाईचे आहे. अफू १९०१ पर्यंत कायदेशीर होती आणि रिकामे डबे कापून इतर कामांना वापरले जात. लेखी साधने पुरेशी आहेत, असेही म्हटले जाते. प्रेस्बिटेरियन मिशनरी अलेक्झांडर डॉन यांनी खाणकऱ्यांची नावनिशीवार नोंद ठेवली, तिचे मोल मोठे आहे. पण त्यांचे लक्ष धर्मांतराकडे होते, रोजच्या ताटाकडे नव्हे. नावे डॉन यांच्याकडून आणि राहणी मातीतून घेतली, तरच हा खाणकरी पुरा उभा राहतो.

स्त्रिया : अत्यल्प, स्वतंत्र अवशेष ओळखणे अवघड.

संरक्षण : २०१४ च्या वारसा कायद्यात पुरातत्त्वीय स्थळाची मुख्य कसोटी १९०० पूर्वीचा मानवी वावर ही आहे. ॲरोटाउनची वस्ती मात्र २० व्या शतकातही नांदती होती. तेथे राहिलेल्या वृद्धांची अखेरची वर्षेही याच इतिहासाचा भाग आहेत. त्यांच्या थरांनाही तितकेच संरक्षण हवे.