आखूड खूण, पूर्ण मजकूर: मॅक्रोची कुळकथा

गोव्यातला पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेला, डिचोली त्याच्या काही वर्षे आधी. तोवर दोन्हीकडे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल आणि दप्तर मोडीतले. मोडी लिहिणारा कारकून ‘मौजे’ हा शब्द पुरा लिहीत बसत नसे. ‘मौ॥’ अशी खूण करून पुढे गावाचे नाव घाली. ‘कसबे’साठी ‘क॥’. वाचणारा खूण मनात उलगडी आणि मग मजकुराकडे वळे. प्रोग्रामिंगमधला मॅक्रो हेच करतो. प्रोग्रामर आखूड खूण लिहितो आणि कंपायलर मुख्य कामाला लागण्याआधी तिच्या जागी पूर्ण मजकूर येतो. कारकुनाला संदर्भ आपोआप कळत होता, यंत्राला मात्र तो शिकवावा लागला. मॅक्रोचा सगळा इतिहास या शिकवणीचा आहे.

सुरुवात असेंब्ली भाषेत झाली. त्याच त्या आज्ञा पुन्हा पुन्हा लिहाव्या लागत, म्हणून त्या समूहाला एक नाव देण्याची सोय झाली. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधले डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६० साली शोधनिबंध लिहून ही कल्पना वरच्या पातळीच्या भाषांसाठी मांडली. सी भाषेत ती १९७२-७३च्या सुमारास आली. प्रीप्रोसेसर, म्हणजे कंपायलरच्या आधी खुणा उलगडणारा टप्पा, घ्यावा असा आग्रह अ‍ॅलन स्नायडर यांनी धरल्याचे डेनिस रिची यांनीच लिहून ठेवले आहे. पहिल्या रूपात दुसरी फाइल जोडणे आणि साधा शब्दबदल एवढेच जमत होते. कंसात मूल्ये घेणारे मॅक्रो माइक लेस्क आणि जॉन रायझर यांच्या हातून पुढे आले.

सीचा प्रीप्रोसेसर व्याकरण जाणत नाही, तो फक्त शब्दाच्या जागी शब्द ठेवतो. वर्ग(क) म्हणजे क * क अशी व्याख्या केली आणि वर्ग(२ + ३) विचारले, तर त्याच्यापुढे २ + ३ * २ + ३ उभे राहते. उत्तर २५ ऐवजी ११. यावर उपाय म्हणून सी लिहिणारे व्याख्येतल्या प्रत्येक मूल्याभोवती कंस घालायला शिकले. दुसरा दोष याहून खोल. दोन चलांची अदलाबदल करणाऱ्या मॅक्रोने आत ‘तात्पुरते’ नावाचे चल वापरले, आणि तुमच्याही चलाचे नाव तेच निघाले, तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. चूक दिसत नाही, उत्तर मात्र बिघडते.

तिकडे लिस्प भाषेत टिमथी हार्ट यांनी १९६३ साली मॅक्रो आणले. ते मजकुरावर काम करत नव्हते, प्रोग्रामच्या रचनेवर करत होते. त्यामुळे कंसांचा घोटाळा मिटला, नावांचा राहिला. तो सोडवला १९८६ साली कोलबेकर, फ्रीडमन, फेलाइसेन आणि डुबा या चौघांनी: मॅक्रोच्या आतली नावे आणि बाहेरची नावे यंत्रानेच वेगळी ओळखायची. याला ‘हायजीन’ म्हणतात. माझ्या मते मॅक्रोच्या कुळातली ही सर्वांत मोठी घटना आहे, कारण इथून पुढे दुसऱ्याने लिहिलेला मॅक्रो विश्वासाने वापरता येऊ लागला. हा विश्वास नसता तर मॅक्रोच्या लायब्रऱ्या इतक्या वाढल्या नसत्या.

हायजीन नसलेल्या सीमध्येही मॅक्रोच्या लायब्रऱ्या आहेतच. सीला स्वतःचे हॅश टेबल नाही, म्हणून ट्रॉय हॅन्सन यांची ‘यूटीहॅश’ ही एका हेडर फाइलची लायब्ररी जगभर वापरली गेली. हलकी आणि कामाची. पण वापरताना चूक झाली की कंपायलरचा निरोप उलगडलेल्या मजकुराच्या जंगलातून येतो.

रस्ट ही सिस्टिम्सची भाषा १५ मे २०१५ रोजी १.० म्हणून आली. नमुना जुळवून उलगडणारे मॅक्रो तिने लिस्पच्या कुळातल्या स्कीम भाषेच्या परंपरेतून घेतले, आणि स्थानिक चलांचे हायजीनही. पुढे प्रोसिजरल मॅक्रो आले. हे खरे तर छोटे प्रोग्राम. कंपाइल होताना ते तुमच्या यंत्रावर चालतात, आणि त्यांना अडवणारे कुंपण नाही. डेव्हिड टोल्ने यांच्या ‘सिन’ आणि ‘कोट’ या लायब्रऱ्यांवर बहुतेक असे मॅक्रो उभे आहेत. ताकद मोठी, किंमतही मोठी: कंपाइल होण्याचा वेळ वाढतो.

दोन्ही प्रकारच्या मॅक्रोंची तुलना करायचीच तर रस्टच्या ‘पिन-प्रोजेक्ट’ आणि ‘पिन-प्रोजेक्ट-लाइट’ या लायब्रऱ्यांची जोडी घ्यावी. काम जवळजवळ एकच. पहिली प्रोसिजरल, तिचे चुकांचे निरोप स्वच्छ आणि सोयी जास्त. दुसरी साध्या नमुना-मॅक्रोवर चालते, म्हणून ‘सिन’चे ओझे आणत नाही, पण चूक झाल्यावर बोलते कमी. लहान लायब्ररी लिहिणाऱ्याने मी दुसरीच घ्यायला सांगेन.

विश्वासाचा प्रश्न ऑगस्ट २०२३ मध्ये ऐरणीवर आला. रस्टच्या ‘सर्डे-डिराइव्ह’ या प्रोसिजरल मॅक्रो लायब्ररीच्या काही आवृत्त्यांमध्ये लिनक्ससाठी आधीच कंपाइल केलेली बायनरी सोबत येत होती. कंपाइलचा वेळ वाचावा हा हेतू, पण मुक्त सोर्सच्या मधोमध न वाचता येणारा तुकडा लोकांना मानवला नाही. १.०.१८४ या आवृत्तीत ती काढून टाकली गेली. लोकांनी आवाज उठवला हे योग्यच झाले.

चांगल्या मॅक्रोचा शेवटही चांगला असतो. रस्टचा ‘ट्राय’ मॅक्रो २०१६ साली एका प्रश्नचिन्हात मावला. ‘लेझी-स्टॅटिक’ ही लायब्ररी जे करत होती, ते २०२४च्या जुलैत आवृत्ती १.८० मध्ये ‘लेझीलॉक’ने प्रमाण लायब्ररीतच आणले. ‘एसिंक-ट्रेट’ या लायब्ररीचे बरेचसे काम २०२३ अखेर भाषेने उचलले, सगळे नाही. मॅक्रो ही लोकांनी भाषेकडे केलेली मागणीच असते. पूर्ण झाली की मॅक्रोने जागा सोडावी.

पेडण्या-डिचोलीतून संगणक शिकायला निघालेल्या मुलांना एकच विनंती. रस्टची कोणतीही मॅक्रो लायब्ररी प्रकल्पात कायम करण्याआधी मॅक्रो उलगडून दाखवणारे ‘कार्गो एक्स्पांड’ चालवा, आणि उलगडलेला मजकूर एकदा तरी शेवटपर्यंत वाचा.