विद्यापीठातील सतार आणि काळाचौकीचे तुणतुणे

एखादा माणूस तीच ती तक्रार पुन्हा पुन्हा सांगू लागला की 'याचे तुणतुणे सुरू झाले' असे आपण मराठीत म्हणतो. त्याने तंबोरा लावला असे कुणी म्हणत नाही. वास्तविक तंबोराही तेच करतो. जुळवलेले मोजके स्वर अखंड धरून ठेवावेत, यापलीकडे त्याच्याकडून कसलीही अपेक्षा नसते. तरीही एकाला मैफलीत गायकाच्या मागे मानाचे आसन मिळाले आणि दुसऱ्याच्या वाट्याला हेटाळणीचा वाक्प्रचार आला. भाषेने केलेला हा भेद आणि विद्यापीठीय संगीतशिक्षणाने केलेली तंतुवाद्यांची निवड यांचे नाते तपासून पाहण्यासारखे आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. संगीताला तेथे स्वतंत्र स्थान मिळण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. मधल्या काळात शहरातील संगीतशिक्षण विद्यापीठाबाहेरच वाढले. १८७० मध्ये पारशी गायन उत्तेजक मंडळी निघाली. १९०८ मध्ये विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरच्या गांधर्व महाविद्यालयाची शाखा मुंबईत आणली. १९२५ मध्ये प्रा. बी. आर. देवधरांनी आपली संगीतशाळा काढली. या संस्थांनी वर्ग, वेळापत्रक, क्रमिक पुस्तक आणि परीक्षा ही चौकट घडवली, आणि विद्यापीठाला ती जवळजवळ तयारच मिळाली. चौकटीच्या मध्यभागी कंठसंगीत होते. विष्णु नारायण भातखंडे यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. वाळकेश्वरात जन्मलेल्या या वकिलाने तरुणपणी शिक्षण घेतले ते सतारीचे. पुढे मात्र आयुष्यभराचे काम उभे राहिले ते रागांच्या वर्गीकरणाचे, गायकांच्या चिजा मिळवण्याचे आणि त्या स्वरलिपीत उतरवण्याचे. जे लिहिता येते ते शिकवता येते आणि जे शिकवता येते त्याची परीक्षा घेता येते, या क्रमाची पायाभरणी त्या लिपीने केली.

सतार या क्रमात सहज बसली. मसीतखानी गत तीनतालाच्या बाराव्या मात्रेवरून उठते, तिचे 'दिर दा दिर दा रा' हे बोल ठरलेले असतात, रझाखानी गतीची लय वेगळी असते. हे सारे फळ्यावर लिहून दाखवता येते. आलाप, जोड, झाला हा क्रमही पायरीपायरीने सांगता येतो. (मिंडेत तार किती ओढावी हे फळ्यावर लिहिता येत नाही, तेथे शिक्षकाच्या शेजारी बसावेच लागते. पण तो भाग प्रात्यक्षिकात ढकलता येतो.) व्हायोलिनचे तर अधिकच नवल. परदेशातून आलेले हे वाद्य गळ्याचे अनुकरण उत्तम करते, एवढ्या एका गुणावर ते आपल्याकडे नांदू लागले. गजाननराव जोशी स्वतः गायक आणि व्हायोलिनवादक. वाईत जन्मलेले व्ही. जी. जोग लखनौच्या भातखंडे महाविद्यालयात शिकवीत. ओंकारनाथ ठाकुरांच्या शिष्या एन. राजम् यांनी गायकी अंगाचे व्हायोलिन बनारस हिंदू विद्यापीठात शिकवले. परकेपणा विद्यापीठाच्या दारात आड आला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता त्याच शहराच्या दुसऱ्या भागाकडे वळू. लालबाग आणि कॉटन ग्रीन यांच्या मधली काळाचौकी म्हणजे गिरणगावाचा पूर्वेकडचा भाग. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार येथल्या चाळींत राहिले आणि येताना आपापली गाणी घेऊन आले. भजनी मंडळांच्या सप्ताहात वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण खाली ठेवली जात नाही. तिच्यावर राग वाजवला जात नाही; ती धरण्याचा अधिकार आणि जबाबदारी महत्त्वाची. शाहिराच्या हाती डफ असतो आणि मागे उभा राहणारा झीलकरी तुणतुणे धरतो. तुणतुण्याची बांधणी साधी आहे: लाकडाचे पोकळ नळकांडे, त्याच्या तळाला मढवलेले कातडे, कातड्याच्या मध्यातून निघून बाजूच्या दांडीवरील खुंटीपर्यंत गेलेली एकच तार. लहानशा काडीने ती छेडायची. १९४४ मध्ये अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्यानंतर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापर्यंत गिरणगावातल्या सभांना लोक जमले ते या आवाजांवर.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे स्वतःच्या घरातील एक हिशेब तपासता येईल. पोवाडा विद्यापीठात आला, पण कसा आला? एच. ए. अॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये छापला गेला. अॅक्वर्थ हे मुंबईचे महापालिका आयुक्त. काळाचौकीच्या उत्तरेस वडाळ्यात कुष्ठरोग्यांचे रुग्णालय आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. पुढे य. न. केळकरांनी 'ऐतिहासिक पोवाडे' संपादित केले. या ग्रंथांच्या आधारे पोवाडा मराठीच्या वर्गात शिकवला गेला: ऐतिहासिक साधन म्हणून, वीररसाचा नमुना म्हणून, शाहिरी वाङ्मय म्हणून. शब्द कागदावर उतरले, ते स्वीकारले गेले. त्या शब्दांना आधार देणारी तार मागे राहिली. अण्णा भाऊंचा स्टालिनग्राडचा पोवाडा वाचणाऱ्या विद्यार्थ्याला कडव्याअखेरीस झीलकऱ्यांनी ओळ उचलल्यावर शाहिराला श्वास घेण्यास किती उसंत मिळते, हे पानावरून कळणे शक्य नाही. छंदाची चर्चा करताना मात्र आपण मात्रा मोजून मोकळे होतो.

विद्यापीठाचे संगीत केंद्र १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले आणि डॉ. अशोक दा. रानडे त्याचे संचालक झाले. अण्णा भाऊ आणि अमर शेख हे दोघेही १९६९ मध्ये, अवघ्या दीड महिन्याच्या अंतराने गेले. या योगायोगातून काही सिद्ध होत नाही. परंतु विद्यापीठात सतारीचा वर्ग भरू लागला त्या सुमारास गिरणगावातले दोन मोठे आवाज थांबले होते, हे मनातून जात नाही.

तुणतुण्यात शिकण्यासारखे आहे तरी काय, असा आक्षेप येथे येईल. एक तार, एक स्वर. आक्षेप वजनदार आहे, पण तो तंबोऱ्यालाही लागू पडतो आणि तंबोरा जुळवण्याचे शिक्षण कोणताही गवई क्षुल्लक मानत नाही. शिवाय तुणतुणे केवळ स्वर धरत नाही. डफाच्या ठेक्यात आघात भरणे, शाहीर गद्यात शिरला की हात हलका करणे, झील उचलण्याआधी लय घट्ट करणे, ही कामे एकाच वादकाची असतात आणि तोच गातही असतो. स्वर आणि ताल येथे एकाच तारेवर आहेत. म्हणून वर्गीकरणवाल्यांचीही पंचाईत होते. भरताच्या चार वर्गांपैकी हे तत की अवनद्ध? तार आहे, आणि कातडेही. हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी १९१४ मध्ये अशा बांधणीची भारतीय वाद्ये चर्मवाद्यांत टाकली; नंतरच्या अभ्यासकांनी ती तंतुवाद्येच आहेत असे प्रतिपादन केले.

मग अडचण कुठे होती? स्वरलिपी हे एक कारण झाले. दुसरे कारण जातीचे आहे आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. तुणतुणे गोंधळ्यांच्या हाती होते आणि तमाशाच्या फडात होते. त्या फडांचे कलावंत बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी समाजांतले. सतारीचा पूर्वेतिहासही पांढरपेशा नव्हे. ती उस्तादांच्या घराण्यांची आणि दरबारांची होती, कोठ्यांशीही तिचा संबंध होता. परंतु विसाव्या शतकात तिला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे जाणीवपूर्वक प्रयत्न झाले, आणि १९६० च्या दशकात रविशंकरांमुळे तिची कीर्ती जगभर गेली. प्रतिष्ठा वाद्याच्या अंगची नसते, ती मिळवून देता येते, हे सतारीनेच दाखवून दिले. तुणतुण्यासाठी तो खटाटोप फारसा कुणी केला नाही.

रानड्यांना याचे भान होते. ते गजाननराव जोशी आणि देवधर यांच्याकडे शिकलेले गायक. विद्यापीठाच्या संगीत केंद्रात असतानाच त्यांनी 'लोकसंगीतशास्त्र' (१९७५) लिहिले आणि लोकसंगीताला स्वतःचे शास्त्र असते ही भूमिका मराठीत मांडली. माझ्या मते मुंबईच्या विद्यापीठीय संगीतविचारातील हे सर्वांत धाडसी पाऊल होते. एकविसाव्या शतकात विद्यापीठाने कालिन्याच्या आवारात लोककला अकादमी सुरू केली आणि शाहिरी, गोंधळ, तमाशा हे अभ्यासाचे विषय झाले. दार उघडले हे खरे. पण ते वेगळे दार होते. सतार संगीत विभागात, शाहिरी लोककलेत आणि पोवाड्याची संहिता मराठी विभागात, अशी वाटणी झाली. काळाचौकीच्या सभेत शाहीर उभा राही तेव्हा हे तिन्ही विषय एकाच फळीवर असत आणि झीलकऱ्याला ते एकाच वेळी सांभाळावे लागत.