रीड डिफ्यूझर
खोली सुगंधित ठेवण्याचे, ज्योत वा वीज न लागणारे साधन. अरुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीतील सुगंधी तेल वेताच्या काड्यांमधील सूक्ष्म नलिकांतून केशाकर्षणाने वर चढते आणि बाष्परूपाने हवेत मिसळते. बांबूच्या काडीत गाठींमुळे हा मार्ग अडतो. घरी बनवताना साधारण १०० मिलि. मिश्रणात २५ ते ३० मिलि. गवती चहा, निलगिरी किंवा लॅव्हेंडरचे अर्कतेल व उरलेले पातळ, बिनवासाचे वाहक तेल घेतात. खोबरेल थंडीत थिजते, म्हणून टाळतात. बाटलीत ५–६ काड्या उभ्या करून त्या आठवड्यातून एकदा उलटतात. वास उग्र वाटल्यास काड्या कमी करतात. तेल ज्वलनशील असल्याने बाटली समई-निरांजनापासून व लहान मुलांपासून दूर ठेवावी.