फाउंटन ग्रासची कुळकथा

बंगल्याच्या कुंपणालगत किंवा रस्त्याच्या दुभाजकात अलीकडे एक डौलदार गवत दृष्टीस पडते. बारीक पात्यांचा गच्च झुबका आणि त्यातून चहूबाजूंना झुकलेले मऊ, गुलाबीसर तुरे. कारंज्याच्या धारांसारखी ही ठेवण असल्यामुळे रोपवाटिकेत ते ‘फाउंटन ग्रास’ या नावाने मिळते. त्याची शोभा आपण जाणतो. परंतु त्याची कुळकथा मुंबईला स्पर्शून जाते, हे फारसे कुणाच्या ध्यानी नसते.

हे गवत मूळचे उत्तर व पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानातले. डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याने १७६१ मध्ये अरबस्तानाकडे एक अभ्यासमोहीम धाडली. तीत लिनियसचा शिष्य पेटर फोर्सकोल वनस्पतींच्या नोंदी घेत असे. जुलै १७६३ मध्ये येमेनमधील यरीम गावी हिवतापाने त्याचा अंत झाला. उरलेली मंडळी मोखाहून जहाजाने मुंबईस निघाली. दोघे समुद्रातच वारले आणि वैद्य क्रामर १७६४ मध्ये मुंबईत निवर्तला. सहा जणांपैकी एकटा कार्स्टन नीबूर वाचला. मुंबईच्या मुक्कामात त्याने घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे घेतली, चित्रे काढली. मायदेशी परतल्यावर दिवंगत सोबत्याची टिपणे त्याने १७७५ मध्ये कोपनहेगन येथे प्रसिद्ध केली. या गवताचे शास्त्रीय नामकरण त्याच ग्रंथात झाले. पुढे ते ‘पेनिसेटम’ प्रजातीत, म्हणजे आपल्या बाजरीच्या भावकीत गणले गेले. आता अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ या दोघांनाही ‘सेंक्रस’ प्रजातीत घालतात.

पुढची हकीकत मात्र इतकी सुखद नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी शोभेसाठी हे गवत हवाई बेटांवर गेले आणि बागेचे कुंपण ओलांडून लाव्हाच्या उजाड पठारांवर पसरले. परागीभवनावाचूनही त्यात बी धरते आणि ते वाऱ्यावर दूर जाते. वाळलेले गवत चटकन पेट घेते. वणव्यानंतर ते बुंध्यातून पुन्हा फुटते, तेथील मूळची झाडे मात्र नाहीशी होतात. युरोपीय संघाने २०१७ मध्ये त्याला उपद्रवी परकीय वनस्पतींच्या यादीत घालून त्याच्या विक्रीस व लागवडीस मनाई केली.

आपल्याला हा धडा नवा नाही. घाणेरी हीदेखील एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठीच आली होती. आज तिने व्यापलेली राने आपण पाहतोच.

मग हे गवत लावूच नये काय? लावावे, पण राखण करून. तांबूस-जांभळ्या पानांचा ‘रुब्रम’ हा प्रकार सहसा रुजणारे बी धरत नाही, तोच निवडावा. त्याला भरपूर ऊन आणि निचऱ्याची जमीन हवी. रुजल्यावर पाणी बेताचेच पुरते. हिवाळा सरताना झुबका वीतभर ठेवून छाटावा. दाटी झाल्यास मुळांसकट विभागून लावावा. घरी हिरव्या पानांचा प्रकार असेल, तर तुरे पिकण्यापूर्वीच कापावेत, आणि माळाच्या वा सड्याच्या कडेला तो लावूच नये. दूरच्या मातीतून आणलेल्या रोपाची शोभा जशी आपली, तशी त्याच्या बियांची जबाबदारीही आपलीच असते.